टाकीचं बारदान

टाकीवर गुरुपादप्पांचं नाव लाल रंगात लिहिलं गेलं, तेव्हा शिवकांताला हसू आलं होतं. पुढं त्याच नावाकडं नुसतं बघितलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण त्या दिवशी ती पदराआड हसली होती. टाकी गुरुपादप्पांच्याच बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीतली, निजामाच्या काळातली, जाडजूड पत्र्याची. खालचा सांगाडा आणि दोन चाकं कुणाच्या तरी मोडक्या ट्रॉलीची. जोडून दिली उदगीरच्या एका वेल्डरनं, वर्गणी दिली गावानं. आणि नाव मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्या गुरुपादप्पांचं, 'यांजकडून गावास सप्रेम भेट' म्हणून. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला फार मोठं काळीज लागत नाही.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्याआधी उदगीरकडच्या माणसाला कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागे, तेव्हा भाकऱ्या बांधूनच निघायचं. आता जिल्हा जवळ आला म्हणून मोरतळी गावानं पेढे वाटले, आणि त्याच साली पावसानं तोंड फिरवलं. गाव खिंडीच्या पायथ्याशी, खोलगट जागी. विहिरीत पोहरा सोडला तर खडकावर आपटल्याचा आवाज तेवढा वर यायचा. गुरुपादप्पांना मात्र दुष्काळातही सुगी दिसत होती. नवा जिल्हा म्हणजे नव्या समित्या आणि नव्या खुर्च्या. सरकारच्या तोंडाकडं न बघता या माणसानं गावाला पाणी पाजलं, असं लातूरपर्यंत बोललं जावं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, इथं तर नुसत्या वर्गणीचा आणि नावाचा प्रश्न होता.

टाकी तयार झाली, पण उदगीरहून पाणी भरून ती ओढणार कोण? गावातला एकुलता एक ट्रॅक्टर रोजगार हमीच्या रस्त्यावर मुरूम टाकायला गेलेला, आणि गुरुपादप्पांची जीप त्यांच्याच लातूरच्या फेऱ्यांत गुंतलेली. मग सगळ्यांच्या नजरा गुरुलिंगच्या व्हॅनवर वळल्या. गुरुलिंग म्हणजे शिवकांताचा नवरा. लातूरहून घेतलेल्या जुन्या व्हॅनमधून तो मोरतळीची माणसं आणि बाजार उदगीरला न्यायचा-आणायचा. हात सफाईचा, पण स्वभाव इतका भिडस्त की कुणी 'माझी म्हैस बसव गाडीत' म्हटलं असतं तर यानं आधी सीट पुसली असती. बैठक त्याच्याच ओट्यावर बसली.

"आप्पा, ही गाडी मागं एक टन वढती," गुरुलिंग म्हणाला. "तशी पट्टीच हाय दारापाशी. त्याच्या वर जोडू नको म्हणून इकणाऱ्यानं मला बजावून सांगितलंय."

"मग अडलं कुठं?" गुरुपादप्पा मांडी बदलून म्हणाले. "टाकीत पाणी बसतंय हजार लिटर. हजार लिटर म्हंजी दहा क्विंटल. दहा क्विंटल म्हंजी एक टन. घे, मापात बसलं."

"पर टाकीचं वजन, आप्पा?"

"टाकी बारदान हाय रे! बारदान कोण धरतंय का?"

ओटा खदखदून हसला. त्या हसण्यात काही खोट नव्हती. मोरतळीतल्या निम्म्या घरांची उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीची दुकानं. माल ज्यात भरून येतो ते नुसतं पोतं म्हणजे बारदान. काट्यावर पोतं चढलं की त्याचं वजन वजा करायचं आणि उरेल तो माल. शिवकांता स्वतः आडत्याची लेक. चहाचे कप घेऊन ती दारातच उभी होती. तिनं नवऱ्याचा प्रश्न ऐकला, आप्पांचं उत्तर ऐकलं आणि तिलाही ते उत्तर बिनतोड वाटलं. विकणाऱ्या-घेणाऱ्याला बारदान वजा होतं, पण गाडीच्या मागच्या हुकाला काहीच वजा होत नाही, त्याला लोखंडही ओढायचं असतं आणि पाणीही, ही गोष्ट त्या ओट्यावर एकाच्याही डोक्यात शिरली नाही. ज्याच्या डोक्यात शिरली होती तो गुरुलिंग सगळे हसले म्हणून आपणही हसला.

पहिल्या खेपेच्या दिवशी आप्पांनी खिंडीच्या पायथ्याला, पुलाजवळ, नारळ-हार घेऊन माणसं उभी केली. लातूरहून फोटोवाला आणला. घागरी घेऊन बायकांची रांग रस्त्याच्या कडेनं पार पुलाच्या पलीकडं गेली होती. शिवकांता रांगेत मधेच कुठंतरी उभी होती आणि आज तिला जरा मान होता, कारण पाणी तिचा नवरा आणत होता. "सिद्धेश्वराची कृपा म्हणून तुझ्या घरात गाडी आली बाई," शेजारची नीलाबाई तिला म्हणाली.

खिंडीच्या माथ्यावर व्हॅन दिसली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढं पांढरी व्हॅन, मागं लाल अक्षरांची टाकी. गाडी उताराला लागली. पहिल्या वळणावर ती सावकाश होती. दुसऱ्या वळणावर तिचा वेग काही बरा दिसेना. हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. लोकांना वाटलं, गुरुलिंगला आनंद झालाय. शिवकांताला मात्र नवऱ्याचा हॉर्न ओळखू येत होता. तो कधी विनाकारण हॉर्न वाजवायचा नाही.

"सरका! अगं सरका, गाडी थांबंना झालीय!" ती ओरडली.

सरकायला जागा नव्हती. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला कापलेली दरड, आणि मधे सगळ्या गावाच्या बायका. मागची टाकी व्हॅनला ढकलत खाली आणत होती, तिच्या चाकांना स्वतःचा ब्रेकच नव्हता. गुरुलिंगला समोर रांग दिसली असणार. त्यानं गाडी सरळ दरडीवर घातली. पत्रा फाटल्याचा आवाज झाला, मागची टाकी आडवी होऊन उलटली, तिचं झाकण उडालं आणि हजार लिटर पाणी रस्त्याच्या कडेच्या चारीत धो धो वाहायला लागलं.

आणि मग जे झालं ते शिवकांता जन्मभर विसरायची नाही. बायका धावल्या त्या पाण्याकडं. घागरी आडव्या करून चारीत घातल्या, कुणी लुगड्याचा पदर भिजवून पिळायला लागलं, कुणी तांब्यानं गाळ भरायला लागलं. ज्या नीलाबाईनं तिला आताच सिद्धेश्वराची कृपा ऐकवली होती ती गुडघे टेकून चिखलातलं पाणी ओंजळीनं भरत होती. पाठीमागून आप्पांचा आवाज येत होता, "टाकी बघा रे, टाकी फुटली का?" व्हॅनकडं धावली ती शिवकांता आणि तिच्या मागून नीलाबाईचा मुलगा शरणप्पा, दोघंच. दाराचा पत्रा वाकवून गुरुलिंगला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली उरलाच नव्हता म्हणायचा.

लातूरच्या दवाखान्यात तो पाय कापला.

"वढत व्हती गं मस्त," शुद्धीवर आल्यावर गुरुलिंग म्हणाला. "खिंड चढली तवा वाटलंबी न्हाई मागं काही हाय म्हणून. पर उताराला ब्रेक दाबला तर मागनं कुणीतरी ढकलाय लागलं. बैल असते तर त्यांनी मानंवर गाडी पेलून धरली असती. ह्या गाडीला कुठली मान?"

"गप पड," शिवकांता म्हणाली. तिला रडायचं होतं, पण रडण्याआधी राग येत होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

ते गावात परतले तेव्हा कळलं. गुरुपादप्पांनी तोवर सगळ्या गावाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना पढवून ठेवलं होतं: माणूस चांगला, पण हात कच्चा. एक टनाची गाडी, एक टन पाणी, वजनात काडीची चूक नव्हती. गुरुलिंगनंच उताराला घाई केली. चोराच्या उलट्या बोंबा! आणि गावानं ते मानलं, कारण ते मानणं सोपं होतं. गुरुलिंगला बघायला येणारी माणसं त्याच्या पायाकडं बघून च्च च्च करायची आणि दारातून बाहेर पडता पडता हळूच म्हणायची, "जरा दमानं घ्यायचं व्हतं रे."

गुरुलिंगचं बोलणं कमी कमी होत गेलं. दिवसभर खाटेवर बसून तो स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघायचा. एका दुपारी त्यानं विचारलं, "खरं सांग, माझाच हात चुकला का गं?"

पाय गेला त्याचं दुःख शिवकांतानं गिळलं होतं. पण ज्या हातांनी यानं पन्नास बायकांचा जीव वाचवला त्याच हातांवर याचा विश्वास उडावा? असला राग तिला आजवर कधी आला नव्हता.

टाकी दरडीखाली आडवीच पडली होती. ती उभी करायला आप्पांनी माणसं लावली तेव्हा शिवकांता तिथून शेण्या घेऊन चालली होती. दोन बैलजोड्या जुंपल्या, दहा-बारा बाप्ये दोराला लागले. बैलांचे पुढचे गुडघे टेकले तरी टाकी हलेना. दोर तुटला आणि दोघे जण उताणे पडले. लोक हसले. शिवकांता जागच्या जागी थबकली. आत पाण्याचा थेंब नव्हता. पाणी कधीच जमिनीत जिरलं होतं. ही रिकामी टाकी होती, नुसतं बारदान, आणि दोन बैलजोड्यांना ते हलत नव्हतं.

तिला आपला ओटा आठवला, हातातले चहाचे कप आठवले आणि आपल्यालाही पटलेलं ते उत्तर आठवलं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. नवऱ्यानं विचारलं होतं. सगळ्या ओट्यावर त्यानं एकट्यानं विचारलं होतं आणि ती आडत्याची लेक, जिचा जन्म काट्याच्या सावलीत गेला, ती कप घेऊन उभी राहिली.

पाणवठ्यावर तिनं बायकांना सांगून पाहिलं. टाकी दुरुस्त होऊन आता जीपमागं जोडायची होती. जीप आप्पांची, चालवणार शरणप्पा.

"वजन चुकलंय बायांनो. टाकीचं वजन कुणी धरलंच न्हाई. शरण्याला बी ती खिंडीत ढकलंल."

"तुझ्या नवऱ्याचं झालं ते वाईटच झालं," एक जण म्हणाली, "पर म्हणून गावानं तहानंनं मरावं का?"

"पाणी येऊ दे बाई," नीलाबाई खाली बघत म्हणाली. "माझा शरणा जपून चालवितो."

"हाव, माझा बी जपूनच चालवीत व्हता," शिवकांता म्हणाली आणि रिकामी घागर उचलून घरी आली. चारीतला चिखल ओंजळीनं भरणारी माणसं. यांच्याशी काय बोलायचं? पण घरी येऊन बसली तरी डोळ्यासमोर शरणप्पाच येत राहिला, पत्रा वाकवताना हात कापले तरी न सोडणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप रिकामी टाकी घेऊन उदगीरला निघाली तेव्हा शिवकांता रस्त्यात उभी होती.

"उदगीरला सोड मला," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता शेजारी बसली. जीपनं खिंड ओलांडली. मग ती म्हणाली, "शरण्या, तुझ्या जीपवर किती लिहिलंय? किती वढती?"

"व्हॅनइतकंच. एक टन. कामून?"

"मोंढ्यात धर्मकाटा हाय तिथं घे गाडी. पाणी भरायच्या आधी टाकी तोलायची."

"रिकामी? आप्पा बोलतील की, वैनी."

"बोलू दे. तुझ्या आईला दोन पायांचा लेक पायजे का न्हाई?"

शरणप्पानं गाडी मोंढ्यात घातली.

धर्मकाटा म्हणजे ट्रकच्या ट्रक तोलायचा जमिनीतला मोठा काटा, आणि त्याच्या समोरच गुरुपादप्पांची आडत. आप्पा गादीवर बसले होते. पुढ्यात शेतकरी, हमाल, कुणाची ज्वारी आडतीच्या छोट्या काट्यावर. दुष्काळात माल कमी, म्हणून बघणाऱ्यांना वेळ भरपूर. जीपमागची पिन काढून शरणप्पानं टाकी एकटीच काट्यावर उभी केली, तशी माणसं गोळा झाली. आप्पा चप्पल न घालताच उठून आले.

"हे काय चाललंय? पाणी आणायचं सोडून टाकी कामून तोलून राहिलाव?"

"तुमचं बारदान तोलून राहिले, आप्पा," शिवकांता म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला, पण आता तिला तो खाली आणायचा नव्हता. "माझ्या नवऱ्याचा पाय गेला. तुमी म्हणालाव, वजन बरोबर व्हतं, हात कच्चा व्हता. आता ह्या चार माणसांत बघू, काय कच्चं व्हतं ते."

"पोरी, हा बायामाणसांचा विषय न्हाई."

"चिखलातलं पाणी भरायचा तेवढा बायकांचा विषय, न्हाई का?"

काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नऊ क्विंटल," तो म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. "बरं, नऊ क्विंटल. मग?"

"वजा करा, आप्पा," शिवकांता म्हणाली. "तुमचा जलम वजा करण्यात गेलाय. गाडी वढती एक टन. दहा क्विंटल. त्यातनं तुमचं बारदान वजा करा. उरला तो माल."

आप्पांचे ओठ सवयीनं हलले. इतक्या वर्षांचा हिशेबी माणूस. तोंडी हिशेब थांबवायचा म्हटलं तरी त्याला थांबवता येईना.

"एक क्विंटल," ते म्हणाले.

"अन् तुमी भरलं किती?"

मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आवाज आला, "म्हंजी दुप्पट वझं घातलं की हो एकट्या गाडीवर!" आणि त्यालाच लागून दुसरा म्हणाला, "आप्पा, आमच्या पोत्याला बारदान म्हणून काढताव ते तरी बरोबर असतंय का? का तिथंबी असंच?" हमाल हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. ज्याची ज्वारी आडतीच्या काट्यावर होती त्यानं पोतं खाली ओढलं.

गुरुपादप्पांचा चेहरा उतरला. ते शिवकांताजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चुकलं. झालं? आता चल, गाडी काढ इथनं."

"मला सांगून काय उपेग? हे माझ्या दारात येऊन त्यांना सांगा. तवर मी इथनं हलत न्हाई. तुमच्या काट्याम्होरंच बसते."

आणि ती खरोखरच बसली, आडतीच्या पायरीवर, पदर डोक्यावर ओढून. आप्पांनी तिला समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं, तिच्या वडिलांचं नाव घेऊन पाहिलं. "माझ्या आप्पांचं नाव घेऊ नगा," ती म्हणाली. "ते असते तर त्यांनीबी बारदान वजाच केलं असतं. ही आपल्या आडत्यांचीच चूक, म्हणून तर आज बसले इथं." तिकडं शेतकरी एकमेकांच्या कानाला लागत होते, आणि आडत्याला दुष्काळाची भीती वाटत नाही इतकी या कुजबुजीची वाटते. शरणप्पानं हमालांना लावून टाकी काट्याच्या कडेला ढकलून ठेवली होती आणि जीपची किल्ली आप्पांच्या गादीवर आणून टाकली होती. "मी न्हाई जोडणार," एवढंच तो म्हणाला.

शेवटी आप्पांनी चपला घातल्या.

ते जीपमधून मोरतळीच्या वेशीशी उतरले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शिवकांता त्यांच्या मागं चालत होती आणि तिच्या मागं, कसं कुणास ठाऊक, निम्मं गाव. नीलाबाईही होती. तिनं शरणप्पाच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून ठेवली होती. गुरुलिंग ओट्यावरच्या खाटेवर बसला होता. एवढी माणसं बघून तो सवयीनं उठायला गेला, आणि मग आठवण येऊन तसाच बसला.

"शरणार्थी, आप्पा," त्यानं हात जोडून नमस्कार केला.

गुरुपादप्पा ओट्याखाली उभे राहिले. वर या, असं शिवकांता म्हणाली नाही.

"गुरुलिंगा," ते म्हणाले, "वजन चुकलं. टाकी एकटीच नऊ क्विंटल भरली. तू इचारलं व्हतंस, मीच धरलं न्हाई. तुझा हात चुकला न्हाई."

गुरुलिंगनं आधी बायकोकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. तिला वाटलं, आता हा रडेल. तिला वाटलं, आता हा नेहमीसारखं 'जाऊ द्या आप्पा' म्हणेल, आणि तसं म्हणाला तर आपण याच्यावरही ओरडू.

"टाकी धरून मग पाणी किती चाललं असतं, आप्पा?" त्यानं विचारलं.

"एक क्विंटल."

"म्हंजी घागरी किती?"

आप्पांनी शिवकांताकडं पाहिलं. ती त्यांच्यावरची नजर काढायला तयार नव्हती.

"दहा," ते म्हणाले.

"दहा घागरी," गुरुलिंग म्हणाला. त्यानं गुडघ्याखालच्या रिकाम्या धोतरावरून हात फिरवला. "दहा घागरी तर आप्पा, मी दोन पायांनी चालत आणल्या असत्या."